चाकणला अप्रेंटिस लागताय? आधी एक वही घ्या

पहाटे साडेपाचला चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहिलं की नवीन लागलेला अप्रेंटिस लांबूनच ओळखू येतो. बूट कोरे, नाड्या घट्ट, गळ्यात आयकार्ड खोलीवरूनच घातलेलं आणि काखेत सगळ्या मूळ कागदपत्रांची फाइल. जुन्यांच्या हातात नुसता मोबाइल असतो, तेही अर्धे झोपेत.

मीही असाच डिप्लोमा मेकॅनिकलची फाइल घेऊन मराठवाड्यातून इथे उतरलो होतो. आता क्वालिटीत आहे आणि दरवर्षी दोन-चार शिकाऊ पोरं-पोरी माझ्या हाताखाली येतात. ती जे विचारतात, आणि जे विचारायला हवं होतं पण विचारत नाहीत, ते इथे क्रमाने लिहितो. चाकण-पिंपरीचा पट्टा मला माहीत आहे म्हणून उदाहरणं इथलीच आहेत. नाशिकला किंवा संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला लागलात तरी फार फरक पडणार नाही.

पहिलं काम: आपण नेमके कोण म्हणून जातोय ते बघा

लाइनवर एकाच रंगाच्या गणवेशात पाच प्रकारची माणसं असतात आणि बाहेरून सगळी सारखी दिसतात. आयटीआय करून आलेला ट्रेड अप्रेंटिस. डिप्लोमावाला, ज्याला कायद्यात तंत्रज्ञ शिकाऊ म्हणतात. डिग्रीवाला म्हणजे पदवीधर शिकाऊ. कंत्राटदाराचा माणूस, ज्याला बोलताना ‘ट्रेनी’ म्हणतात पण करार भलत्याच कंपनीशी असतो. आणि कंपनीने कॉलेजातून उचललेला ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी, जो पहिल्या दिवसापासून पगारी नोकर असतो. त्याच्या नावात ट्रेनी आहे म्हणून तो आपल्यातला आहे असं समजू नका.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१चा आहे. पदवी आणि डिप्लोमावाले त्यात १९७३च्या दुरुस्तीने आले. पदवी-डिप्लोमावाल्यांची मुख्य योजना ‘नॅट्स’, ती केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाकडे आहे आणि आपल्या भागाचं तिचं कार्यालय मुंबईत शीवला आहे. आयटीआयवाल्यांची गाडी बहुतेक वेळा ‘नॅप्स’वरून जाते, ती कौशल्य विकास मंत्रालयाची. दोन्हींची पोर्टलं वेगळी, नोंदणी क्रमांक वेगळे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, जिला लोक लाडका भाऊ म्हणतात, ती २०२४ची राज्याची योजना आहे. ती आणि अप्रेंटिसशिप एक नव्हे. तिच्या सर्टिफिकेटवर अप्रेंटिसशिप झाली असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि पुढे चला.

नोंदणीला पैसे लागत नाहीत. हे मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण चौकाचौकात कन्सल्टन्सीच्या पाट्या आहेत आणि ‘मोठ्या कंपनीत अप्रेंटिस लावून देतो, फॉर्मचे अमुक, गणवेशाचे तमुक’ असं सांगणारे भरपूर आहेत. पोर्टलवर स्वतः नोंदणी करा, आधारला जोडलेलं बँक खातं द्या, गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का ते बघा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरून सरकारी हिश्शाचे पैसे महिनोन्‌महिने अडकलेले मी पाहिलेत.

करार वाचा, मग सही करा

रुजू होण्याच्या दिवशी एचआरच्या खोलीत वीस जणांना एकदम बसवतात, कागदांचा गठ्ठा फिरवतात आणि ‘इथे, इथे आणि इथे’ असं बोट दाखवतात. मागचा माणूस पेन मागत असतो. तरी वाचा. पाचच मिनिटं लागतात.

बघायचं ते हे. करार कोणाशी आहे, गाडी बनवणाऱ्या कंपनीशी की मधल्या कोणाशी? कालावधी किती? पदवी आणि डिप्लोमाला सहसा एक वर्ष असतं. कोणत्या विभागात प्रशिक्षण? स्टायपेंड किती? २०१९च्या नियमदुरुस्तीने किमान आकडे ठरवले ते पदवीधराला महिना ९,००० रुपये आणि डिप्लोमाला ८,००० रुपये असे. नॅट्समध्ये त्या किमान रकमेचा निम्मा भार सरकार उचलतं. असे आकडे किमान असतात, मोठ्या कंपन्या त्याहून जास्त देतात. तुम्ही रुजू व्हाल तेव्हा चालू असलेला दर पोर्टलवर बघून घ्या आणि करारातल्या आकड्याशी ताडून पाहा. स्टायपेंड पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मिळायला हवा, असं नियम सांगतो. अर्धवट सोडलं तर काय, हेही कलम करारात असतं. ते सोडायच्या दिवशी वाचण्यात अर्थ नाही.

करार पोर्टलवर नोंदला गेला का, हे महिन्याभरात स्वतः लॉगिन करून बघा. नोंद नसेल तर वर्षअखेरीस सर्टिफिकेट निघणार नाही आणि तेव्हा एचआरचा साहेब बदललेला असेल. मूळ कागदपत्रं कोणालाही ठेवायला देऊ नका. पडताळायला दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत घ्या.

आणि एक गोष्ट आधीच पचवून टाका: वर्ष झालं की नोकरी देण्याचं बंधन कायद्याने कंपनीवर नाही. एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचे, असं कायदा म्हणतो. त्यांना कायम करायचं असं म्हणत नाही. ‘चांगलं काम कर, परमनंट करून टाकू’ असं लाइनवरचा कोणी मायेने म्हणेलही, पण ते त्याच्या हातात नसतं.

खोली, खानावळ आणि बस

पट्टा समजून घ्या. टाटा मोटर्स पिंपरीत. महिंद्रा, मर्सिडीज-बेंझ आणि स्कोडा-फोक्सवॅगन चाकणला. फियाट तिकडे रांजणगावात. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२०च्या अखेरीस थांबला, तो आता ह्युंदाईकडे आहे. पुण्यात मावशी राहते म्हणून कोथरूडला राहून चाकणला जाईन, असा विचार असेल तर तो पहिल्या आठवड्यात मावळेल. नाशिक रस्त्यावर तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक सुटता सुटत नाहीत.

आधी कंपनीच्या बसचे थांबे विचारा, मग खोली शोधा. उलटं करू नका. भोसरी, मोशी, निगडी, चिखली या बाजूंना कॉट बेसिसवर, म्हणजे खाटेमागे भाडं देऊन, खोल्या मिळतात आणि तिथून बहुतेक कंपन्यांच्या बसेस जातात. खोलीत तिघं असाल तर तिघांच्या पाळ्या कोणत्या आहेत ते विचारा. एकाची रात्रपाळी, दुसऱ्याची पहिली आणि तिसरा मोबाइलवर गाणी लावणारा असेल तर तुमची झोप गेली म्हणून समजा. डिपॉझिट किती आणि परत कधी, हे मालकाकडून निदान मेसेजवर तरी लिहून घ्या.

कँटीन स्वस्त असतं. पोटभर जेवण कंपनीतच करून घ्यायचं आणि खानावळीची एकाच वेळेची मेस लावायची, हा जुना मार्ग आहे. पहिला स्टायपेंड हातात पडायला दीड महिनासुद्धा लागू शकतो. तेवढे पैसे घरून घेऊन या, लाजू नका.

पहिला आठवडा

इंडक्शन, म्हणजे कारखान्याची ओळख करून देणारे सुरुवातीचे तास, कंटाळवाणं असतं. वातानुकूलित खोली, स्लाइड्स, दुपारच्या जेवणानंतर डुलक्या. पण सुरक्षेच्या तासाला जागे राहा, कारण त्यातल्या काही गोष्टी नंतर कोणी पुन्हा सांगत नाही. पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालायचं. फोर्कलिफ्टवाल्याची नजर तुमच्यावर पडल्याशिवाय त्याच्या समोरून जायचं नाही. रोबोच्या जाळीच्या आत, तो थांबलेला दिसला तरी, पाय टाकायचा नाही. थांबलेला रोबो बहुधा पुढच्या सिग्नलची वाट बघत असतो. कोणी मशिनवर स्वतःचं कुलूप आणि टॅग लावलं असेल तर ते त्यानेच काढायचं. इलेक्ट्रिक गाडीच्या लाइनवर असाल तर नारिंगी केबल म्हणजे उच्च दाबाची, तिला हात लावायला वेगळं प्रशिक्षण आणि वेगळे हातमोजे लागतात. अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली चेन खोलीवर. यात तुमच्या हाताचा आणि गाडीच्या रंगाचा, दोघांचाही बचाव आहे.

कोणाला काय म्हणायचं? ऑफिसातल्याला सर किंवा मॅडम. लाइनवरच्या जुन्या ऑपरेटरला दादा, आणि केस पिकले असतील तर मामा. नावाने हाक मारू नका, तुमची डिग्री त्याच्या शिक्षणाहून मोठी असली तरी. वीस वर्षं एकाच स्टेशनला काढलेल्या मामांना कानाने कळतं की नट आवळणाऱ्या यंत्राचा, नट रनरचा, आवाज बदललाय. हे कॉलेजात शिकवत नाहीत आणि ते सांगतील तर फक्त आवडलेल्या पोराला सांगतील.

कारखाना पायी समजून घ्या

तुम्हाला कोणत्याही शॉपला, म्हणजे विभागाला, टाकलं तरी पहिल्या महिन्यात सुपरवायझरची परवानगी काढून गाडी जन्मते तिथपासून गेटबाहेर जाते तिथपर्यंत एकदा चालून या.

सुरुवात प्रेस शॉपला. पत्र्याचं रीळ येतं, त्याचे तुकडे होतात आणि डायखाली, म्हणजे साच्याखाली, एकामागून एक ठोके बसून दार, बॉनेट, छप्पर तयार होतं. बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. इथला तपासनीस हातमोजा घालून पॅनेलवरून तळवा फिरवतो आणि डोळ्यांना न दिसणारा खळगा त्याच्या हाताला लागतो. शंका आली की तेलाचा दगड घासून बघतात, खोलगट जागा लगेच उठून दिसते. एकदा तरी त्याच्या शेजारी उभं राहून तुमचाही हात फिरवून बघा. पहिले पंधरा दिवस काहीही लागणार नाही.

मग बॉडी शॉप, म्हणजे वेल्डिंग. एका गाडीच्या सांगाड्यावर काही हजार स्पॉट असतात. इथे शिकण्यासारखं रोबोपेक्षा तांब्याच्या टिपेत जास्त आहे. स्पॉट मारून मारून टीप चपटी होते, मग करंट जास्त जागेत पसरतो आणि स्पॉट कच्चा राहतो. म्हणून ठरावीक स्पॉटनंतर टीप तासून पुन्हा आकाराला आणतात. स्पॉट पक्का आहे का ते बघायला दोन पत्र्यांमध्ये छिन्नी घालतात, आणि ठरावीक काळाने एक आख्खी बॉडी फाडतात. फाडल्यावर एका पत्र्याला वेल्डचं बटण चिकटून निघालं पाहिजे. नुसता डाग राहिला तर त्या दिवशी सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पेंट शॉपला सहजासहजी आत सोडत नाहीत आणि त्याला कारण आहे. डिओ, केसांचं जेल, काही क्रीम यांत सिलिकॉन असतं. त्याचा अंश जरी पत्र्यावर बसला तरी रंग तिथून बाजूला पळतो आणि माशाच्या डोळ्यासारखा खड्डा पडतो. म्हणून पेंट शॉपला ड्यूटी असेल त्या दिवशी अंगाला साधा साबण, बाकी काही नाही. एक पोरगा मुलाखत असल्यासारखा सेंट मारून आला होता, त्याला एअर शॉवरच्या दारातूनच परत पाठवलं. आत गेलात की बॉडी आख्खी टाकीत बुडताना बघा. विजेच्या ओढीने गंजरोधक थर कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसतो, जाडी साधारण २० मायक्रॉन. त्यावर सीलर, प्रायमर, रंग आणि शेवटी क्लिअर कोट.

शेवटी असेंब्ली, म्हणजे ट्रिम, चॅसी आणि फायनल, सगळे टीसीएफ म्हणतात. रंगवलेल्या बॉडीची दारं काढून वेगळ्या लाइनला पाठवतात, म्हणजे आत शिरायला अडचण होत नाही, आणि शेवटी त्याच गाडीला तीच दारं परत बसतात. वरून बॉडी आणि खालून इंजिन-सस्पेन्शन येऊन जिथे जुळतं त्या स्टेशनला ‘मॅरेज’ म्हणतात. जर्मनही त्याला लग्नच म्हणतात, होखत्साइट. तिथून पुढे चाकांचं अलाइनमेंट, हेडलॅम्पचा नेम, रोलरवर ब्रेक, पाण्याच्या फवाऱ्याखाली गळती, ट्रॅकवर चक्कर.

या फेरीत प्रत्येक शॉपला एकच प्रश्न विचारा: ‘मागच्या शॉपकडून तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?’ पेंटवाला वेल्डच्या ठिणग्यांबद्दल बोलेल, टीसीएफवाला भोक सरकल्याबद्दल बोलेल. कारखाना कसा चालतो ते या तक्रारींतून जेवढं कळतं तेवढं स्लाइडमधून कळत नाही.

लाइनवर उभं राहिल्यावर

टॅक्ट टाइमचं, म्हणजे दर किती वेळाने एक गाडी निघायला हवी त्याचं, गणित पहिल्या दिवशी स्वतः करा. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं. जेवण ३०, चहाच्या दोन सुट्ट्या १०-१० मिनिटांच्या, उरली ४३०. त्या पाळीला २१५ गाड्या काढायच्या असतील तर दर दोन मिनिटांना एक गाडी तुमच्यासमोरून गेली पाहिजे. म्हणजे तुमच्या स्टेशनचं काम दोन मिनिटांच्या आत बसायला हवं, त्यात पार्ट उचलायला चाललेली पावलंही आली. हे एकदा डोक्यात बसलं की पार्टची ट्रॉली अर्धा मीटर जवळ आणायला लोक आठवडाभर का भांडतात ते कळतं.

हात चालत नसेल तर अँडॉनची, म्हणजे मदत मागायच्या दिव्याची, दोरी ओढा किंवा बटण दाबा. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो. नव्याला वाटतं की लाइन थांबवली तर आपल्याला काढून टाकतील. चुकीची गाडी पुढे सोडणं यापेक्षा फार महाग पडतं. मी ते शिकलो ते असं. जुन्या एका कारखान्यात मला सस्पेन्शनचे बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे बोल्ट पुरेसा आवळलेला असला की क्लिक करणाऱ्या पान्याने, तपासून त्यावर रंगाच्या पेनाने रेघ मारायचं काम होतं. रेघ म्हणजे ‘मी तपासलं’ अशी सही. तिसऱ्या आठवड्यात हात सरावला आणि डोकं शेफारलं. मी आधीच पाचही बोल्टांवर रेघा मारून घ्यायचो आणि मग रेंच लावायचो, चार-पाच सेकंद वाचायचे. एकदा मधेच कोणीतरी हाक मारली, मी वळलो, आणि गाडी पुढे गेली. पाच रेघा, तीन क्लिक. दोन स्टेशनं पुढे तिथल्या मामांच्या लक्षात आलं, कारण सॉकेटचा घासल्याचा ताजा ठसा दोन बोल्टांवर नव्हता. लाइन थांबली. मला कोणी ओरडलं नाही. मामांनी फक्त विचारलं, ‘ही गाडी तुझ्या घरच्यांनी घेतली असती तर?’ नंतर त्या जागेला मोजणी करणारं डीसी टूल आलं, पाच क्लिक झाल्याशिवाय गाडी सुटतच नाही.

अशा व्यवस्थेला पोका-योके म्हणतात. हे आधी जपानीत ‘बाका-योके’ होतं, म्हणजे मूर्खापासून बचाव. १९६०च्या दशकात शिगेओ शिंगो यांनी ते बदलून ‘पोका’ केलं, नकळत होणारी चूक, कारण काम करणाऱ्या बाईला मूर्ख म्हणवून घ्यायचा राग आला होता. मला तो राग पटतो. तुमच्या स्टेशनला किती पोका-योके आहेत ते मोजा, आणि प्रत्येक कोणत्या चुकीनंतर आला ते विचारा. प्रत्येकाच्या मागे माझ्यासारखा कोणीतरी निघेल.

मोजमापाची हत्यारं लवकर हातात घ्या. व्हर्निअरवर ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरवर ०.०१, हे सगळे सांगतात. पण शून्य तपासून मोजायला सुरुवात करणारे दहात दोन असतात. गेजवर कॅलिब्रेशनची तारीख चिकटवलेली असते, ती उलटून गेली असेल तर त्या गेजने मोजू नका, टीम लीडरला दाखवा. रीडिंग घेतलं नसेल तर चेकशीटवर अंदाजाने आकडा भरू नका. ऑडिटरला सलग तीस सारखे आकडे दिसले की त्याला पुढचं काही विचारावं लागत नाही.

वही

मोबाइल शॉपमध्ये बहुतेक ठिकाणी चालत नाही, फोटो तर नाहीच. म्हणून खिशात मावणारी, आडव्या रेघांची, शिवलेली वही घ्या. सुट्या कागदांची नको, कागद गळतात.

रोज संध्याकाळी निबंध लिहायचा नाही. तीन ओळी पुरतात: आज काय अडलं, ते का अडलं असं कोणी सांगितलं, आणि शेवटी कशामुळे सुटलं. तिसरी ओळ कित्येकदा दुसरीशी जुळत नाही, आणि खरं शिक्षण त्या फरकात असतं. ‘पार्ट खराब आहे’ असं सगळे म्हणत होते आणि निघाला पार्ट पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरचा झिजलेला पिन, असं महिन्यात दोनदा तरी होतं. असा प्रश्न पाच वेळा ‘का’ विचारत मागे नेण्याची पद्धत तुम्हाला व्हाय-व्हाय म्हणून शिकवतील. फळ्यावर करताना ती शाळेतल्या धड्यासारखी वाटते. वहीत तुमच्या स्वतःच्या स्टेशनची पाच उदाहरणं असली की ती हातातलं हत्यार होते.

वहीच्या मागच्या बाजूला शब्द लिहा. रिवर्क, रिजेक्शन, होल्ड, सेग्रिगेशन, गॅप-फ्लश, टीअरडाउन, फर्स्ट-ऑफ. पहिल्या आठवड्यात मीटिंगमध्ये अर्धं डोक्यावरून जातं. दोन महिन्यांनी ती यादी बघून हसू येतं.

एक सावधगिरी: कंपनीची ड्रॉइंग, नव्या मॉडेलचे तपशील, पार्ट नंबर आणि पुरवठादारांचे दर वहीत उतरवू नका. ते गुपित राखण्याच्या कागदावर तुम्ही सही केलेली असते. पद्धत लिहा, आकडे नकोत.

तुम्हाला शिकवत नसतील तर

हा भाग नाजूक आहे. मनुष्यबळ कमी पडलं की शिकाऊ पोरांना एकाच स्टेशनला वर्षभर लावणं सोपं पडतं. एक महिना तेच काम करणं ठीक आहे, हात बसायला तेवढा वेळ लागतो. पाचव्या महिन्यातही तुम्ही त्याच ट्रॉलीतून तेच क्लिप लावत असाल तर ते प्रशिक्षण राहिलेलं नाही.

आधी तोंडी, आपल्या सुपरवायझरला, पाळी सुटताना, चारचौघांत नव्हे. ‘सर, माझ्या प्रशिक्षणाच्या तक्त्यात पुढे क्वालिटी आहे, कधी पाठवाल?’ एवढंच. तक्ता आधी एचआरकडून मागून ठेवलेला असेल तर हे वाक्य वजनदार होतं. नाही जमलं तर एचआरला मेल, सभ्य आणि छोटा. तरीही नाही तर नॅट्सच्या पोर्टलवरून तक्रारीचा मार्ग आहे. मी स्वतः तिथपर्यंत गेलेलो नाही. मेलवरच काम झालं.

ओव्हरटाइम शिकाऊ माणसाला लावायचा तर अप्रेंटिसशिप सल्लागाराची मंजुरी लागते, आणि ती प्रशिक्षणाच्या किंवा लोकांच्या हितासाठी असेल तरच मिळते. ‘आज सेकंड शिफ्टपण कर’ असं कोणी म्हणालं तर हे माहीत असू द्या. तुम्ही कायद्याच्या नजरेत कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहात, पण आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या तरतुदी तुम्हालाही लागू आहेत आणि कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कंपनीची आहे. म्हणून लहानशी जखमसुद्धा कारखान्याच्या दवाखान्यातल्या रजिस्टरमध्ये नोंदवून घ्या. ‘काय एवढंसं’ म्हणून पट्टी बांधून परत आलात तर नंतर बोट सुजल्यावर ते बोट कुठे कापलं, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

पाळ्या आणि शरीर

थोडक्यात सांगतो. पाळी बदलते त्या आठवड्याचे पहिले दोन दिवस वाईट जातात, ते सगळ्यांचेच जातात. रात्रपाळीनंतर खोलीवर येऊन आधी मोबाइल, मग झोप असं केलंत तर दुपारी बाराला जाग येते आणि पुन्हा लागत नाही. खिडकीला जाड चादर लावा. पहाटे तीन ते पाच या वेळेत चुका सगळ्यात जास्त होतात, तेव्हा चेकशीट दोनदा वाचा. बूट एक नंबर मोठे मागा, दिवसभर उभं राहून पाय सुजतात. मोजे सुती. रात्रपाळी सुटल्यावर दुचाकीने थेट गावाकडे निघू नका. शनिवारी सकाळी नगर रस्त्याला असं निघालेला एक रूममेट सहा महिने घरी होता.

मुलींसाठी एक व्यवहारी गोष्ट: रुजू होतानाच महिलांची बस कोणत्या थांब्यापर्यंत सोडते, रात्री थांब्यापासून खोलीपर्यंत काय सोय आहे आणि अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्य कोण आहेत, ही तीन उत्तरं मिळवा. समितीची नावं फलकावर लावलेली असायला हवीत. नसतील तर विचारा, विचारण्यात काही गैर नाही.

शेवटचे तीन महिने

नवव्या महिन्यापासून पुढची तयारी. कंपनीत जागा निघतात का, अंतर्गत परीक्षा असते का, हे एचआरला सरळ विचारा. त्याच वेळी पुरवठादार कंपन्यांकडे नजर ठेवा. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या लाइनवर वर्ष काढलेला माणूस सीट, वायरिंग हार्नेस किंवा ब्रेकचे भाग बनवणाऱ्यांना हवाच असतो, कारण पार्ट परत का येतो ते त्याने समोरून पाहिलेलं असतं. अनेक जण नाव लहान म्हणून तिकडे जायला नाखूश असतात. माझी पहिली पगारी नोकरी अशाच ठिकाणची होती, आणि क्वालिटीचं काम मी तिथे शिकलो. ज्यांना पुन्हा शिकायचंच आहे त्यांनी लांब पल्ल्याचे अभ्यासक्रमही बघावेत. चाकणला फोक्सवॅगनने मेकाट्रॉनिक्सचा जर्मन धर्तीचा शिकाऊ अभ्यासक्रम चालवला आहे, त्यात वर्ग आणि कारखाना दोन्ही जोडीने असतात. पण एकदा कायद्याखाली अप्रेंटिसशिप झाली की तशीच दुसरी सहसा मिळत नाही, म्हणून असं काही करायचं असेल तर ते पहिल्या सहीच्या आधी ठरवायला हवं.

मुलाखतीला जाताना वहीतून एकच किस्सा निवडा: एक अडचण, तुम्ही काय मोजलं, काय बदललं, नंतर काय झालं. ‘मी कायझेन केले, फाइव्ह एस केले’, म्हणजे छोट्या सुधारणा केल्या आणि जागा शिस्तीत लावली, असं सगळेच म्हणतात. ‘ट्रॉलीची उंची वाढवली, त्यामुळे वाकणं थांबलं आणि सहा सेकंद वाचले’ असं म्हटलं की समोरचा पेन खाली ठेवतो आणि प्रश्न विचारायला लागतो. कायझेन शीटवर तुमचं नाव होतं का, ते आत्ताच बघून ठेवा. आयडिया शिकाऊची आणि नाव दुसऱ्याचं, हे होतं. शीट भरताना स्वतः भरली की होत नाही.

शेवटच्या आठवड्यात नो ड्यूजचा, म्हणजे काही देणं बाकी नाही असा, कागद घेऊन टूल क्रिब (हत्यारांचं भांडार), कँटीन, वाचनालय, दवाखाना आणि टाइम ऑफिस असं फिरावं लागतं. हरवलेल्या व्हर्निअरचे पैसे कापले जाऊ नयेत म्हणून हत्यारं परत केल्याची पोच घ्या. पोर्टलवर तुमचे महिने पूर्ण दिसतात का ते एचआरसमोर बसून बघा. नॅट्सचं प्रावीण्याचं सर्टिफिकेट शीवच्या मंडळाकडून निघतं. ते लगेच हातात पडत नाही, म्हणून कंपनीच्या लेटरहेडवर पूर्ण केल्याचं पत्र वेगळं मागा, तारखा आणि विभाग लिहून. टाइम ऑफिसमधल्या कारकुनाचा नंबर मात्र नक्की घेऊन ठेवा. सहा महिन्यांनी कोणी तुमच्या हजेरीची पडताळणी मागितली तर फोन उचलणारा माणूस तोच असतो.